फुकट नेटवर्कचा हट्ट

‘यूपीआयवरून दहा रुपयांचा चहा घेतला तरी वर एक पैसा जात नाही. मग बिटकॉइन किंवा इथर पाठवायला कधी पन्नास, कधी हजार रुपये कशाला मोजायचे? नेटवर्क चालवणाऱ्यांनी मांडलेली ही लूट आहे. एवढं पुढारलेलं तंत्रज्ञान असेल, तर फी शून्य करून दाखवा.’ हे म्हणणं आता सर्रास ऐकू येतं, आणि चांगली जाणती माणसंही त्यावर मान डोलावतात. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे. पैसे कापले गेल्याचा राग खोटा नाही. ज्याने दोन हजारांची क्रिप्टो पाठवली आणि त्यातले सहाशे वाटेतच गेले, त्याचं चिडणं रास्तच आहे. पण इथे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली आहे. खरी लूट जिथे होते तिकडे कोणी बोट दाखवत नाही, आणि जी फी नेटवर्कला उभं ठेवते तिच्याच मुळावर उठण्याची भाषा चालते.

आधी यूपीआयचंच पाहू, कारण या युक्तिवादाचा सगळा भार त्याच्यावर आहे. यूपीआय फुकट आहे हे अर्धंच खरं. १ जानेवारी २०२० पासून सरकारने यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घेतला जाणारा आकार, शून्यावर आणला. आकार गेला, खर्च गेला नाही. सर्व्हर, वीज, फसवणूक पकडणारी यंत्रणा, तक्रारी निस्तरणारी माणसं या सगळ्याचे पैसे बँका आणि पेमेंट कंपन्या सोसतात, आणि थोडा भार सरकार उचलतं. २०२४-२५ या वर्षासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. छोट्या दुकानदाराला केलेल्या दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारामागे ०.१५ टक्के असा तिचा दर होता. ते पैसे तुमच्याआमच्या करांतले. धोरण म्हणून मला हे योग्यच वाटतं, भाजीवाल्या मावशींना त्याचा फायदा झाला आहे. पण फी नसणं वेगळं आणि तुमची फी दुसऱ्याने भरणं वेगळं. हा फरक डोळ्यांआड करून त्याच मापाने बिटकॉइन मोजायला निघालं, तर हिशेब चुकणारच.

दुसरा फरक याहून मोठा आहे. यूपीआयमध्ये प्रत्येक माणूस ओळख पटवून आलेला असतो. बँकेचं खातं, मोबाइल क्रमांक, केवायसी, शिवाय दिवसाला किती रक्कम पाठवायची यावर मर्यादा. कोणी प्रोग्रॅम लिहून सेकंदाला लाखभर व्यवहार सोडू लागला, तर बँक त्याचं खातं गोठवून मोकळी होईल. बिटकॉइन किंवा इथेरियममध्ये हा अधिकार कोणाकडेच नाही, आणि तो कोणाकडे नसावा यासाठीच तर ही नेटवर्क्स बांधली गेली. तिथे नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. मग त्या उघड्या दारातून कचरा लोटणाऱ्याला थांबवायचं कसं? आत येणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला काही ना काही किंमत पडली पाहिजे. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत याहून चांगला उपाय कोणाला सापडलेला नाही, आणि ज्यांनी फी जवळपास शून्यावर ठेवून पाहिली त्यांचा अनुभव सगळ्यांसमोर आहे.

सोलाना घ्या. एका सहीमागे ०.०००००५ सोल, म्हणजे पैशांतही धड मोजता न येणारी मूळ फी. ‘हे बघा, जमतं की नाही’ म्हणून याच नेटवर्कचं उदाहरण देण्याची पद्धत होती. १४ सप्टेंबर २०२१ रोजी एका नव्या टोकनची विक्री सुरू झाली आणि बॉट तुटून पडले. सेकंदाला चार लाखांपर्यंत व्यवहार येऊन आदळले आणि अख्खं नेटवर्क सुमारे सतरा तास ठप्प झालं. ३० एप्रिल २०२२ ला पुन्हा तेच. या वेळी निमित्त होतं एनएफटी पाडण्याच्या झुंबडीचं. सेकंदाला साठ लाख विनंत्या, आणि सुमारे सात तास सगळं बंद. फी नगण्य असल्यामुळे बॉट चालवणाऱ्याला हजारदा प्रयत्न करायला काहीच पडत नव्हतं, एखादा जरी लागला तरी कमाई होती. त्या सात तासांत ज्याला खरोखर पैसे पाठवायचे होते त्याला शून्य फीचा काय उपयोग झाला? पुढे सोलानाने काय केलं ते आक्षेप घेणाऱ्यांनी मुद्दाम पाहावं. प्राधान्य हवं असेल त्याने जादा फी द्यावी, अशी सोय आली. एनएफटी पाडण्याच्या प्रोग्रॅममध्ये अवैध प्रयत्नामागे ०.०१ सोलचा दंड आला. फी उशिरा आली, पण आलीच.

पॉलिगॉनची गोष्ट तर आपल्या घरची. जयंती कानानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन या भारतीय तरुणांनी २०१७ मध्ये ‘मॅटिक’ या नावाने ती सुरू केली. तिच्या चाचणी-नेटवर्कचं नावच ‘मुंबई’ होतं. ते २०२४ मध्ये बंद करून दुसरं आणलं गेलं. इथेरियम महाग पडतं म्हणूनच पॉलिगॉन जन्माला आलं, स्वस्त फी हीच त्याची ओळख. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये निरर्थक व्यवहारांचा इतका सुळसुळाट झाला की पॉलिगॉनला गॅसचा (व्यवहाराच्या कामाच्या एककाचा) किमान दर १ ग्वेईवरून एकदम ३० ग्वेईवर न्यावा लागला. स्वस्ताईचा झेंडा मिरवणाऱ्यांनीच तीसपट वाढ केली! आणि ती करूनही जानेवारी २०२२ मध्ये ‘सनफ्लॉवर फार्मर्स’ नावाच्या शेतीच्या खेळाने ते नेटवर्क तुंबवलं. त्या खेळात बॉटना पैसे मिळत होते, आणि जिथे मिळकत खर्चाहून जास्त तिथे झुंबड उडणार हे ठरलेलं.

नॅनो या नेटवर्कने फी खरोखरच ठेवली नाही. मार्च २०२१ मध्ये कोणीतरी त्यावर क्षुल्लक रकमांच्या व्यवहारांचा मारा केला आणि अनेक नोड, म्हणजे नेटवर्क चालवणारे संगणक, मागे पडले. त्यानंतर नॅनोच्या कर्त्यांनी रांगेची नवी व्यवस्था बसवली. कोणाच्या खात्यात शिल्लक किती आणि खातं किती वेळ वापरलं गेलेलं नाही, यावरून त्यात पाळी ठरते. बारकाईने पाहिलं तर इथेही जागा मर्यादितच आहे आणि तिचं वाटपही चालूच आहे. फक्त पैसे मोजून पुढे जाण्याऐवजी शिलकीच्या आणि थांबण्याच्या जोरावर पुढे जायचं. ही रचना कोणाला आवडेल, कोणाला नाही. पण तिला फुकट म्हणणं चूक आहे.

आता मूळ गैरसमजाकडे. फी रकमेवर लागते असं बहुतेकांना वाटतं, बँकेच्या कमिशनसारखी. बिटकॉइनमध्ये तसं अजिबात नाही. साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक येतो आणि त्यात जास्तीत जास्त दहा लाख व्हर्च्युअल बाइट मावतात. तुमच्या व्यवहाराने त्यातले किती बाइट अडवले आणि दर बाइटमागे तुम्ही किती सातोशी (बिटकॉइनचं सर्वांत लहान एकक) देऊ केले, एवढ्यावर फी ठरते. ट्रकवाला पोत्याच्या वजनावर भाडं घेतो, आत केशर आहे की कोंडा याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हजार बिटकॉइन पाठवणाऱ्याची फी पाचशे रुपयांचं बिटकॉइन पाठवणाऱ्याहून कमी असू शकते, आणि रोज असते. ‘हा गरिबांवर अन्याय नाही का?’ असं मला विचारलं जातं. आहे, छोट्या रकमेला ही पद्धत जड जाते हे मी नाकारत नाही. पण त्यावरचा इलाज व्यवहाराचं वजन कमी करण्यात आणि योग्य नेटवर्क निवडण्यात आहे. तो माणसाच्या हातात आहे, आणि तोच त्याला कोणी सांगत नाही.

एक उदाहरण पुरतं उलगडून पाहू. हिशेबाला सोपं जावं म्हणून बिटकॉइनचा भाव ऐंशी लाख रुपये धरू, म्हणजे एक सातोशी आठ पैशांचा. समजा, एक मुलगी घरी बसून परदेशी ग्राहकांसाठी डिझाइनची कामं करते आणि तिला दहा वेळा प्रत्येकी दोन हजार रुपयांचं बिटकॉइन मिळालं. वॉलेटच्या पडद्यावर वीस हजार असा एकच आकडा दिसतो. आत मात्र ते दहा वेगळे तुकडे म्हणून पडून असतात. ते खर्चायला काढले की प्रत्येक तुकड्यासाठी व्यवहारात वेगळी नोंद आणि वेगळी सही लागते. तिचं वॉलेट जुन्या, १ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचं असेल, तर एका तुकड्याला १४८ बाइट लागतात. दहा तुकडे आणि दोन जावक नोंदी मिळून व्यवहार १,५५८ बाइटचा होतो. नेटवर्कवर गर्दी आहे, दर १०० सातोशी चालू आहे, असं धरा. फी झाली १,५५,८०० सातोशी, म्हणजे जवळपास साडेबारा हजार रुपये. वीस हजारांतले साडेबारा हजार! तिला ही दरोडेखोरीच वाटणार.

आता तेच तुकडे ‘bc1q’ने सुरू होणाऱ्या, सेगविट या नव्या पद्धतीच्या पत्त्यांवर आलेले असते तर? एका तुकड्याला ६८ व्हर्च्युअल बाइट, एकूण ७५३ च्या आसपास. त्याच गर्दीत फी सहा हजारांवर आली. पत्त्याचा प्रकार बदलला आणि निम्मी फी वाचली. हेही तिला झेपणारं नाही, हे कबूल. म्हणून आणखी एक करायचं. दर दोन सातोशीवर उतरला असेल अशा निवांत वेळी ते दहा तुकडे स्वतःच्याच एका नव्या पत्त्यावर एकत्र करून ठेवायचे. ७२२ बाइट गुणिले दोन, म्हणजे एकशे सोळा रुपयांच्या आत काम झालं. पुढे ऐन गर्दीत पैसे पाठवायची वेळ आली तरी एक तुकडा, दोन जावक नोंदी, १४१ बाइट. १०० च्या दरानेही अकराशे तीस रुपयांच्या आत. दोन्ही मिळून साडेबाराशे. साडेबारा हजार कुठे आणि साडेबाराशे कुठे! नेटवर्क तेच, गर्दी तीच, ब्लॉक रचणारे मायनर तेच, रक्कमही तीच. एकत्र करण्याची एक किंमत आहे, तीही सांगितली पाहिजे. ते दहा तुकडे एकाच मालकाचे आहेत हे पाहणाऱ्या कोणालाही त्यातून कळतं. खासगीपणा महत्त्वाचा असेल तर विचार करूनच हे करावं.

सेगविट काही परवा आलेलं नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी ते बिटकॉइनवर लागू झालं. इतक्या वर्षांनंतरही कोणाचं वॉलेट जुन्या पत्त्यावर पैसे घेत असेल आणि त्याचा तोटा वापरणाऱ्याला सांगत नसेल, तर दोष त्या वॉलेटचा आहे.

‘मग ब्लॉकच मोठे करा ना’ असं म्हणणारे असतातच. हा वाद २०१७ मध्ये विकोपाला गेला आणि १ ऑगस्टला बिटकॉइन कॅश फुटून निघालं. त्याचा ब्लॉक आठ एमबीचा होता, पुढे बत्तीसचा झाला. फी पैशांत आली हे खरं, पण माणसं तिकडे गेली नाहीत आणि ते मोठे ब्लॉक बहुतांशी रिकामेच राहिले. त्यातूनच २०१८ मध्ये निघालेल्या बिटकॉइन एसव्हीने ब्लॉक आणखी फुगवला. मायनिंगची ताकद त्याच्यामागे इतकी थोडी होती की ऑगस्ट २०२१ मध्ये त्यावर ५१ टक्के हल्ला झाला आणि झालेले व्यवहार उलटवले गेले. ब्लॉक जितका मोठा तितका पूर्ण नोड चालवणं जड. आज एका मेगाबाइटच्या जुन्या मर्यादेतून वाढत आलेली बिटकॉइनची साखळी सहाशे जीबीच्या वर गेली आहे, पण एखादा हौशी माणूस घरच्या संगणकावर ती अजून तपासू शकतो. ब्लॉक शंभरपट केला तर ही तपासणी दोन-चार कंपन्यांच्या हातात जाईल. क्षमता वाढूच नये असं माझं म्हणणं नाही. इथेरियमने २०२५ मध्ये ब्लॉकची गॅसमर्यादा तीन कोटींवरून टप्प्याटप्प्याने वाढवली, आणि ती जपून वाढवली. जपून वाढवणं आणि फी मारून टाकायला वाढवणं या दोन गोष्टी एका तागडीत घालू नयेत.

राहिला ‘लूट’ या आरोपाचा भाग. लुटीचा माल कोणाच्या तरी घरात जावा लागतो. ५ ऑगस्ट २०२१ च्या लंडन बदलानंतर इथेरियममध्ये फीचा मुख्य हिस्सा कोणालाच मिळत नाही, तो जाळला जातो. मागचा ब्लॉक निम्म्याहून जास्त भरला तर या हिश्शाचा दर वाढतो, कमी भरला तर उतरतो, एका ब्लॉकमागे जास्तीत जास्त साडेबारा टक्के. ब्लॉक रचणाऱ्याला मिळते ती वरची बक्षिशी. बिटकॉइनमध्ये फी मायनरला मिळते, आणि मिळायलाच हवी. सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या मूळ निबंधातच ते मांडलं आहे. ठरलेली नाणी बाजारात आली की सुरक्षेचा मोबदला पूर्णपणे फीवर चालावा, अशी ती योजना आहे. २००९ मध्ये एका ब्लॉकमागे पन्नास नवे बिटकॉइन मिळत. २० एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ झाले आहेत आणि दर चार वर्षांनी निम्मे होत जाणार. फी शून्य केली तर वीज जाळून ही साखळी राखायची कोणी आणि कशासाठी? शून्य फी मागणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर आजवर दिलेलं नाही. उलट माझी काळजी वेगळी आहे. निवांत काळात ब्लॉकमधली फी इतकी थोडी जमते की पुढच्या काही निम्मेकरणांनंतर ती सुरक्षेला पुरेल का, हा गंभीर प्रश्न आहे.

फी कधीच असह्य झाली नाही असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एका बिटकॉइन व्यवहाराची सरासरी फी पन्नास डॉलरच्या वर गेली होती. स्टीम या खेळविक्रीच्या कंपनीने त्याच महिन्यात बिटकॉइन घेणं बंद केलं. सुरुवातीला वीस सेंट पडणारी फी वीस डॉलरला टेकली, असं कारण तिने दिलं. तेव्हा ज्यांना चटके बसले त्यांचं म्हणणं खरं होतं. पण पुढे फी उतरली ती कशाने? मागणी ओसरली हे एक कारण. दुसरं म्हणजे मोठ्या एक्स्चेंजनी सेगविट स्वीकारलं आणि शंभर ग्राहकांचे शंभर व्यवहार करण्याऐवजी एकाच व्यवहारात शंभर जावक नोंदी घालायला सुरुवात केली. हे आधीच करता आलं असतं. २० एप्रिल २०२४ च्या त्या निम्मेकरणाच्या ब्लॉकमध्ये फीच सदतीस बिटकॉइनहून अधिक जमली, कारण त्याच क्षणी ‘रून्स’ ही नवी टोकनपद्धत सुरू झाली आणि पहिला नंबर लावण्यासाठी लोकांनी वाटेल ती किंमत दिली. ज्याला घाई नव्हती त्याने काही दिवस थांबून पाठवले आणि त्याला थोडक्यात पडलं. पुढे २०२५ मध्ये बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरने व्यवहार पुढे पाठवण्याचा किमान दर बाइटमागे एका सातोशीवरून एक-दशांश सातोशीवर आणला, इतकी निवांत वेळही आली.

खरी लूट कुठे होते ते आता सांगतो. बहुतेक लोकांचं बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये नसतंच, ते एक्स्चेंजकडे असतं. तिथून बाहेर काढताना ‘नेटवर्क फी’ या नावाखाली ठोक रक्कम कापली जाते. एखाद्या एक्स्चेंजने ०.०००५ बिटकॉइन असा ठोक आकार लावला, तर वरच्या भावाने ते चार हजार रुपये झाले. आता तोच व्यवहार साखळीवर उघडून पाहिला आणि तुमच्याबरोबर आणखी नव्व्याण्णव जणांचे पैसे त्याच व्यवहारातून गेलेले दिसले, तर तुमच्या वाट्याला येतात जेमतेम बत्तीस बाइट. दर तीन सातोशी असेल तर शहाण्णव सातोशी, म्हणजे आठ रुपयांच्या आत. चार हजार घेतले, नेटवर्कला आठही दिले नाहीत. मधला फरक कंपनीचा नफा आहे. नफा घेऊ नये असं कोण म्हणतं? पण तो स्वतःच्या नावाने घ्यावा. त्याला ‘नेटवर्क फी’ म्हणून ग्राहकाच्या रागाचं तोंड मायनरकडे वळवायचं, हा अप्रामाणिकपणा आहे, आणि फी शून्य करा म्हणून ओरडणारे नकळत त्यालाच पाठीशी घालतात.

याचा भारतीय ग्राहकाला दुहेरी फटका बसतो. २०२२ च्या वित्त कायद्याने क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट तीस टक्के कर लावला आणि खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा करायला मनाई केली. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएसही कापला जातो. तो विवरणपत्र भरताना जमेला धरता येतो, पाठवणीत गेलेली फी मात्र वजा होत नाही. म्हणून आपल्याकडे वाचवलेली फी पूर्णच्या पूर्ण खिशात राहते. तिच्याकडे दुर्लक्ष करणं आपल्याला परवडणारं नाही.

फीबद्दलच्या या अज्ञानावर भामट्यांचा एक धंदाही चालतो, आणि तो सर्वांत संतापजनक आहे. खोट्या गुंतवणूक ॲपवर आधी फुगलेला नफा दाखवायचा आणि पैसे काढायची वेळ आली की ‘गॅस फी भरा, मग रक्कम मोकळी होईल’ असं सांगून आणखी पैसे उकळायचे. निवृत्तीची पुंजी यात घालवलेली माणसं आहेत. नेटवर्कची फी पाठवणाऱ्याच्या वॉलेटमधून, त्या नेटवर्कच्या नाण्यात, व्यवहाराबरोबरच वळती होते. ती कधीही कोणाच्या बँकखात्यात किंवा यूपीआय आयडीवर आगाऊ भरावी लागत नाही. एवढं एक जरी लोकांना पक्कं माहीत असतं, तरी हे जाळं अर्धं फाटलं असतं.

फी कमी करायची तर कितीतरी करता येतं. पाठवण्याआधी मेमपूल, म्हणजे थांबलेल्या व्यवहारांची रांग, दाखवणाऱ्या कोणत्याही पानावर चालू दर बघा. अमेरिका झोपलेली असते तेव्हा, विशेषतः आपल्या रविवारी सकाळी, दर सहसा उतरलेला असतो. घाई नसेल तर कमी दर लावा, पण फी नंतर वाढवता येईल असा पर्याय वॉलेटमध्ये चालू ठेवा. व्यवहार अडकलाच तर त्याच पैशांवर जास्त फीचा नवा व्यवहार पाठवून जुना बदलता येतो. ते नाही जमलं तरी नोड सर्वसाधारणपणे चौदा दिवसांनी न घेतलेला व्यवहार विसरतात आणि पैसे कुठेही जात नाहीत. हाताने आकडे टाकताना मात्र दहादा तपासा. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सॉस या कंपनीने सुमारे दोन हजार डॉलरचं बिटकॉइन पाठवताना चुकून १९.८ बिटकॉइन, म्हणजे पाच लाख डॉलर, फी म्हणून लावले. एफटूपूल या मायनिंग गटाने ते परत केले. त्यांनी ठेवून घेतले असते तरी कोणी काही करू शकलं नसतं.

छोट्या, रोजच्या रकमा मूळ साखळीवर पाठवू नयेत, हे मी ठामपणे सांगतो. बिटकॉइनसाठी लाइटनिंग आहे. जोसेफ पून आणि थॅडिअस ड्रायजा यांनी मांडलेल्या या पद्धतीत वाहिनी उघडताना आणि बंद करताना साखळीवरची फी लागते, मधले हजारो व्यवहार नाममात्र खर्चात होतात. इथेरियमवर साध्या पाठवणीला २१,००० गॅस लागतो, टोकनच्या अदलाबदलीला सहज दीड लाख, आणि व्यवहार फसला तरी वापरलेल्या गॅसचे पैसे जातातच. तेच काम आर्बिट्रम, ऑप्टिमिझम किंवा बेस या इथेरियमवर उभारलेल्या थरांवर केलं तर थोडक्यात होतं, कारण १३ मार्च २०२४ च्या डेनकन बदलाने या वरच्या थरांना आपला डेटा मूळ साखळीवर ठेवण्यासाठी वेगळी, स्वस्त जागा मिळाली. मात्र समोरचा त्याच नेटवर्कवर पैसे घेतो का, हे आधी विचारा. चुकीच्या नेटवर्कवर पाठवलेले पैसे वाचवलेल्या फीच्या हजारपट महाग पडतात. आणि ऑप्टिमिझम-आर्बिट्रमवरून अधिकृत पुलाने मूळ साखळीवर परत यायला सात दिवस लागतात, हेही हिशेबात धरा.

मागणी करायचीच असेल तर ती नेमकी करू. विड्रॉलच्या पडद्यावर नेटवर्कला प्रत्यक्ष किती जाणार आणि कंपनी स्वतः किती घेणार, हे दोन आकडे वेगवेगळे दाखवणं प्रत्येक एक्स्चेंजला बंधनकारक व्हावं. वॉलेटने व्यवहार किती बाइटचा आहे, किती तुकडे खर्ची पडताहेत आणि दर काय लागतोय, हे मंजुरीच्या बटणाआधी मराठीत सांगावं. तोवर एवढं करा. तुमच्या शेवटच्या विड्रॉलचा व्यवहार क्रमांक घ्या आणि साखळीवर उघडा. तो सगळ्या जगाला खुला असतो. एकूण फी आणि जावक नोंदींची संख्या तिथे दिसेल. फीला त्या संख्येने भागा, आलेला आकडा तुमच्याकडून कापलेल्या रकमेशेजारी लिहा, आणि तो कागद घेऊन एक्स्चेंजच्या तक्रार विभागाला पत्र लिहा.